परदुःख खरेच शीतल असते का?

‘परदुःख शीतल’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. गेल्या दोन-अडीच दशकांतील मेंदूसंशोधन मात्र वेगळेच सांगते. परदुःख पोळते, आणि पोळते म्हणूनच माणूस पुष्कळदा त्याच्यापासून दूर पळतो. निःस्वार्थ साहाय्याचा विचार या पळण्यापासूनच सुरू करावा लागतो.

बाबा आमटे यांच्या चरित्रातील एक प्रसंग सर्वपरिचित आहे. वरोड्यास भर पावसात मरणासन्न पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण त्यांच्या दृष्टीस पडला आणि ते भयाने पळाले. पुढे ते परतले, त्यांनी त्याची शुश्रूषा केली. १९४९ साली आनंदवनाचा आरंभ झाला. चरित्रकार त्या परतण्याचे मोल सांगतात. मानसशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र पळणे आणि परतणे ही दोन्ही सारखीच महत्त्वाची वाटतील, कारण त्यांच्या मुळाशी दोन भिन्न भावना आहेत. ‘हे मला पाहवत नाही’ ही एक. ‘याचे आता काय होईल?’ ही दुसरी. पहिलीच्या केंद्रस्थानी आपण स्वतः असतो.

अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात डॅनियल बॅटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली हा भेद प्रयोगाने तपासला. एका तरुणीला विजेचे झटके बसत असल्याचे पडद्यावर दाखवले गेले (अर्थात तो अभिनय होता). तिच्या जागी स्वतः झटके घेण्याची मुभा पाहणाऱ्यांना होती. काहींना लवकर निघून जाण्याची पळवाट दिली होती, इतरांना शेवटपर्यंत पाहणे भाग होते. ज्यांच्या मनात केवळ अस्वस्थता प्रबळ होती, त्यांच्यापैकी बहुतेकांनी पळवाट मिळताच ती स्वीकारली. ज्यांना त्या तरुणीविषयी कळकळ वाटत होती, त्यांच्यापैकी बहुतेक जण दार उघडे असूनही तिच्या जागी बसावयास पुढे आले.

ही अस्वस्थता मेंदूत कोठे उमटते? टानिया सिंगर यांनी २००४ साली लंडनमध्ये १६ जोडप्यांवर केलेल्या अभ्यासात, स्त्रीच्या स्वतःच्या हातास झटका बसला काय अथवा जोडीदाराच्या हातास बसला काय, तिच्या मेंदूतील इन्सुला व सिंग्युलेट कॉर्टेक्सचे काही भाग दोन्ही वेळा उद्दीपित झाले. वेदनेचे नेमके स्थान नोंदवणारे भाग मात्र केवळ स्वतःच्या वेदनेच्या वेळी. थोडक्यात, दुसऱ्याची कळ आपल्याला लागत नाही, तिचा दाह मात्र लागतो.

मग दिवसभर सुया टोचणाऱ्याने काय करावे? तैवानमध्ये केलेल्या व २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शरीरात सुया खुपसल्या जात असल्याची दृश्ये पाहताना अ‍ॅक्युपंक्चर करणाऱ्या डॉक्टरांचा इन्सुला सामान्य माणसांप्रमाणे उद्दीपित झाला नाही. त्याऐवजी भावनांचे नियमन करणारे पुढील मेंदूचे भाग कार्यरत झाले. याला कोणी निर्ढावलेपण म्हणेल. मी म्हणणार नाही. प्रत्येक सुईगणिक कळवळणारा हात स्थिर राहणार कसा? मात्र दाह आवरताना कळकळही आटली, तर उरते ती केवळ कुशलता.

रेण्वीय आनुवंशिकीत डॉक्टरेट मिळवून पुढे बौद्ध भिक्षू झालेल्या मातिए रिकार यांच्यावरील निरीक्षण येथे उद्बोधक आहे. एमआरआय यंत्रात त्यांनी प्रथम केवळ परपीडेशी एकरूप होऊन पाहिले. थोड्याच अवधीत ते गळून गेले. त्यानंतर करुणेची भावना धरताच त्यांना पुन्हा उभारी आली. सिंगर व ओल्गा क्लिमेकी यांनी पुढे सामान्य स्वयंसेवकांना आधी समवेदनेचे, मग करुणेचे प्रशिक्षण दिले. पहिल्याने खिन्नता वाढली; दुसऱ्याने मन सावरले, आणि स्ट्रायटमसह मेंदूचे निराळेच जाळे उद्दीपित झाले. ‘करुणेचा थकवा’ ही रूढ संज्ञाच चुकीची आहे, थकवते ती समवेदना, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आपल्या परंपरेला हे सर्वस्वी नवे नाही. पतंजलींनी दुःखिताविषयी करुणाच सांगितली आहे.

मेंदूतील सुखाचे केंद्र उद्दीपित होते, मग ही सेवा निःस्वार्थ कशी, असा आक्षेप घेतला जातो. जेवल्यावर समाधान वाटते म्हणून भूक खोटी ठरत नाही, इतकेच त्यावर म्हणता येईल. असे अभ्यास अल्पसंख्य व्यक्तींवरील असतात, हेही विसरू नये.

निवासी डॉक्टर असताना एका रात्री तरुण मुलाच्या मृत्यूची वार्ता त्याच्या वडिलांना देऊन मी ‘दुसरा रुग्ण पाहावयाचा आहे’ असे सांगत बाहेर पडलो. रुग्ण खरोखरच होता, पण तातडीचा नव्हता. बॅटसन यांचा प्रयोग वाचताना ती रात्र आठवली. आपल्या व्यवसायात पळवाट सदैव उघडी असते, आणि ती दिसतेही प्रतिष्ठित! ‘मन घट्ट करा’ हा वरिष्ठांचा उपदेश त्या वेळी शिरोधार्य मानला होता. आता कनिष्ठांना मी एवढेच सांगतो, की वार्ता दिल्यावर दोन मिनिटे तेथेच थांबा आणि या माणसाला या क्षणी काय हवे, ते पाहा. बहुधा त्याला बसावयास खुर्ची हवी असते, पाणी हवे असते, गावी कळवण्यासाठी कोणीतरी फोन लावून द्यावयास हवा असतो.