बळ, टिकाऊपणा, दम : काही इंग्रजी शब्दांतील अर्थभेद

इंग्रजी मसुद्यांचे मराठीकरण करताना ‘स्ट्रेंग्थ’, ‘ड्युरेबिलिटी’, ‘एन्ड्युरन्स’, ‘स्टॅमिना’ आणि ‘रेझिलियन्स’ या सर्वांसाठी ‘मजबुती’ हा एकच शब्द योजला जाण्याचा संभव असतो. वस्तुतः त्यांपैकी प्रत्येक शब्द वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

‘स्ट्रेंग्थ’ म्हणजे बळ. वस्तू किती भार पेलते, एवढेच तो शब्द सांगतो. ‘ड्युरेबिलिटी’ म्हणजे टिकाऊपणा. ऊन, पाऊस व वापर सोसून ती वस्तू किती काळ उपयोगी पडेल, हे त्यावरून कळते.

किनारपट्टीवरील बांधकामांत हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. काँक्रीटचे बळ सामान्यतः २८ दिवसांच्या ठोकळ्यावर दाब देऊन तपासले जाते. तथापि खाऱ्या हवेतील क्षार कालांतराने आतील सळईपर्यंत पोहोचले की ती गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो व त्यावरील काँक्रीट तडकते. अशा रीतीने २८ दिवसांच्या कसोटीस उतरलेले शाळागृहही पुढे धोकादायक होऊ शकते. म्हणूनच ‘आय. एस. ४५६ : २०००’ या भारतीय मानकात टिकाऊपणाच्या अटी स्वतंत्रपणे दिल्या आहेत. समुद्रकिनारी उघड्यावर राहणाऱ्या सळईच्या काँक्रीटसाठी किमान ‘एम ३०’ ही प्रत असावी आणि पाण्याचे वजन सिमेंटच्या वजनाच्या ०.४५ पटीहून अधिक नसावे, असे त्यात नमूद आहे. दोन्ही शब्दांस ‘मजबुती’ म्हटल्यास टिकाऊपणाची अट नजरेआड होते आणि ग्रामस्थांस कामाची विचारणा करणेही कठीण जाते.

उरलेले तीन शब्द बहुधा सजीवांना लावले जातात. ‘एन्ड्युरन्स’ म्हणजे कष्ट वा वेदना सोशीत तग धरणे. ‘स्टॅमिना’ म्हणजे दीर्घ श्रमास पुरणारा दम. मागावरील उभ्या धाग्यास लॅटिनमध्ये ‘स्टामेन’ म्हणत. ‘स्टॅमिना’ हे त्याचेच अनेकवचन होय. ‘रेझिलियन्स’चा मूळ अर्थ मागे उसळणे असा आहे. वाऱ्याने वाकलेला बांबू पुन्हा उभा राहतो, पुराने उद्ध्वस्त झालेले गाव पुन्हा पेरणीस लागते. ही उभारी म्हणजे ‘रेझिलियन्स’.

मराठी प्रतिशब्द ठरविण्यापूर्वी भार किती, काळ किती, श्रम किती आणि आघातानंतर सावरण्याची शक्ती किती, यांपैकी कोणता प्रश्न अभिप्रेत आहे हे पाहावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून, तसेच अधिकाऱ्यांनी आपल्या मसुद्यांत ही सवय जोपासल्यास भाषा नेमकी होईल आणि कामेही चोख होतील.