संगणकाची रॅम वाढविल्याने काम लवकर होते काय?

पेढीवरील संगणक मंद झाला की विक्रेता प्रथम सांगतो, "रॅम वाढवा." रॅम म्हणजे यंत्राची तात्पुरती स्मृती. हा सल्ला कधी सोळा आणे खरा ठरतो, तर कधी पैसे पाण्यात जातात. आम्हांस दोन्ही अनुभव आले आहेत. सबब सभासद बंधूंच्या उपयोगार्थ ते येथे मांडीत आहोत.

धान्याच्या व्यापाऱ्यास हा विषय कठीण वाटू नये. हार्ड डिस्क ही वखार आणि रॅम ही दुकानाची ओटी. चालू सौद्याची पोती ओटीवर असली की हमाल ती तत्काळ काट्यावर ठेवतो. ओटी भरून गेली तर मात्र काही पोती वखारीत परत न्यावी लागतात व मग दुसरी आणावी लागतात. रॅम पुरेनाशी झाली की संगणकही असेच करतो. तिच्यातील मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. या येरझाऱ्या फार महाग पडतात. रॅमकडून उत्तर येण्यास सेकंदाचा सुमारे एक कोटीवा भाग पुरतो. तबकडीची डिस्क मिनिटास ७,२०० फेरे घेत असली तरी तिला सुमारे शंभरावा भाग लागतो. म्हणजे अंतर लाखपटीचे झाले! परंतु ओटीवर मुळात जागा रिकामी असेल, तर ती दुप्पट केल्याने माप काही लवकर होत नाही.

आमच्या पहिल्या यंत्रात ४ जीबी रॅम होती. जीएसटीआर-१ भरण्याची मुदत ११ तारखेची. आदल्या दिवशी हिशेबाचे सॉफ्टवेअर, ब्राउझर व एक्सेलच्या याद्या एकदम उघडल्या की यंत्र अडून बसे. मुनीमजींचा हात आता चालत नाही, असे आम्ही चारचौघांत बोलून गेलो. पुढे रॅम ८ जीबी केली आणि त्याच दिवशी काम सुरळीत झाले. मुनीमजी काही बोलले नाहीत. खाली पाहावे लागले ते आम्हांसच.

त्या उत्साहाच्या भरात दुसऱ्या यंत्रातही ८ ची १६ जीबी केली. फरक तिळमात्र पडला नाही. तेव्हा भाच्याने कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. त्यात परफॉर्मन्स या सदराखाली मेमरी व डिस्क यांचा वापर दिसतो. भर कामातही रॅम ५ जीबीच वापरात होती. डिस्क मात्र शंभर टक्क्यांवर. दोष वखारीचा आणि खर्च ओटीवर! तबकडीची डिस्क काढून एसएसडी बसविली, तेव्हा सुरू होण्यास चार मिनिटे घेणारे यंत्र अर्ध्या मिनिटात सुरू होऊ लागले.

ही तपासणी भर गर्दीच्या वेळी करावी. दुकान उघडतेवेळी ओटी रिकामीच असते. त्या वेळी मेमरीचा वापर ८५ टक्क्यांपलीकडे टिकून राहात असेल, तर रॅम अवश्य घ्यावी. मात्र डीडीआर३ च्या खाचेत डीडीआर४ ची पट्टी बसत नाही, आणि काही लॅपटॉपांत रॅम कायमची जोडलेली असते. म्हणून आधी पाहून घ्यावे. विंडोज ३२-बिट असेल तर तिला ४ जीबीपलीकडील रॅम वापरताच येत नाही. तसेच विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने, जे जुने यंत्र विंडोज ११ घेऊ शकत नाही त्यावर खर्च करण्यापूर्वी नव्या यंत्राचा भाव विचारावा. डिस्क बदलताना खातेवहीची प्रत आधी वेगळी काढून ठेवावी, हे व्यापाऱ्यास सांगावयास नकोच.

दुसऱ्या यंत्रातील ती जादा पट्टी विक्रेत्याने परत घेतली नाही. २०२५ च्या अखेरीस मोठ्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव कडाडले, आणि आता भाचा म्हणतो, "मामा, तुमचा एवढाच साठा नफ्यात आहे."