एक डिस्क, दोन कार्यप्रणाली

१९८३ साली आयबीएम कंपनीचा पीसी एक्सटी हा संगणक बाजारात आला. त्यातील हार्ड डिस्क अवघ्या १० मेगाबाइटची होती. आज एखादे छायाचित्रही तेवढी जागा व्यापते. परंतु तेवढ्याशा जागेचेही हिस्से पाडण्याची सोय त्याच वर्षी डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत करण्यात आली. डॉसखेरीज झेनिक्स, सीपी/एम-८६ अशा अन्य कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, तेव्हा प्रचारात होत्या आणि प्रत्येकीची फायली मांडण्याची रीत निराळी होती. एकीची मांडणी दुसरीला वाचता येत नसे. न वाचता येणारी जागा ती रिकामीच समजणार, आणि रिकाम्या जागेवर लिहिण्यास तिला कोण अडवणार?

शेताची वाटणी झाली की मध्ये बांध घालतात. डिस्कवर असा बांध कोठेही नसतो. तेथील वाटणी ही केवळ एक नोंद असते. जुन्या पद्धतीत ही नोंद डिस्कच्या अगदी पहिल्या, ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये असे. त्यातील पहिले ४४६ बाइट संगणक सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामचे, नंतरचे ६४ वाटणीच्या तक्त्याचे आणि अखेरचे दोन ओळखीच्या खुणेचे. तक्त्यात प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदी मावत. मुख्य हिस्से चारच, ही मर्यादा येथूनच आली. पुढे रूढ झालेल्या जीपीटी पद्धतीत सामान्यतः १२८ नोंदींची सोय असते, आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. ही खबरदारी उशिरा सुचली, असेच म्हणावे लागेल.

तक्त्यातील नोंद पुसली गेल्याने त्या हिस्स्यातील मजकूर लगेच नष्ट होत नाही. तो जागच्या जागी असतो. हरवतो तो त्याचा ठावठिकाणा. चूक ध्यानात येताच हात आवरला, तर नोंद पुन्हा लिहून सर्व काही परत मिळू शकते. मात्र त्या जागेवर नवी मांडणी केली की ही आशा मावळू लागते. एसएसडीवर तर बहुधा ती उरतच नाही. कारण नवी मांडणी करताना जुनी जागा मोकळी झाल्याचे एसएसडीला कळवले जाते.

खरा धोका असतो तो भरलेला हिस्सा आखडताना. त्याच्या शेवटाकडील फायली आधी अलीकडे हलवाव्या लागतात, आणि नेमकी तेव्हाच वीज गेली तर काही फायलींना मुकावे लागू शकते. म्हणून महत्त्वाच्या सर्व फायलींची प्रत प्रथम दुसऱ्या साधनावर घ्यावी. विंडोजचा हिस्सा विंडोजच्याच डिस्क व्यवस्थापनातून आखडावा. काही फायली तिला हलवता येत नाहीत, त्यामुळे अपेक्षेपेक्षा कमी जागा सुटली तर आश्चर्य मानू नये. सुटलेली जागा तशीच मोकळी ठेवून लिनक्स तीत बसवावी. विंडोजची 'फास्ट स्टार्टअप' ही सोय मात्र त्यापूर्वी बंद करावी. ती चालू असता संगणक बंद केला तरी विंडोज पूर्णपणे मिटलेली नसते, आणि तशा अर्धवट अवस्थेतील हिस्स्यावर लिनक्समधून काही लिहिणे फायलींच्या जिवावर बेतू शकते.