लघवीचा त्रास लपवू नका : प्रोस्टेटविषयी थोडं समजून घेऊ



आज जाळं, डिझेल आणि माशाचा भाव बाजूला ठेवून घरातल्या पुरुषांच्या एका दुखण्याबद्दल लिहितोय. यावर पुरुष स्वतःहून बोलत नाहीत, म्हणून बायका-मुलांनीही हे वाचावं.

आमच्या ओळखीतले एक काका, वय ६५. वर्षभर रात्री चार-चार वेळा उठायचे. होडीवर अडचण नको म्हणून त्यांनी पाणी पिणंच कमी केलं. एकदा सर्दी झाली, दुकानातून गोळी घेतली आणि पाण्यावर गेले. त्या रात्री लघवी पूर्ण बंद. पोट फुगलं, कळा सहन होईनात. सकाळी हॉस्पिटलात नळी घातली तेव्हा सुटका झाली. "लवकर आला असता तर कदाचित गोळ्यांवर भागलं असतं," असं डॉक्टर म्हणाले.

*प्रोस्टेट म्हणजे काय?*
लघवीच्या पिशवीच्या खाली अक्रोडाएवढी एक गाठ प्रत्येक पुरुषाला असते. तिच्यातून लघवीची नळी जाते. पन्नाशीनंतर ही गाठ हळूहळू वाढते आणि नळी दाबली जाते. साठीपर्यंत साधारण निम्म्या पुरुषांमध्ये ही वाढ सुरू झालेली असते. ही साधी वाढ म्हणजे कॅन्सर नाही.

*लक्षणं*
धार बारीक होणं, सुरू व्हायला वेळ लागणं, थेंब थेंब येणं, पिशवी रिकामी झाली असं न वाटणं, रात्री पुन्हा पुन्हा उठणं. होडीवर तर रात्री काठाशी उभं राहताना तोल जायची भीती वेगळीच. दुखणं बरेच दिवस अंगावर काढलं तर तुंबलेल्या लघवीचा दाब किडनीवर येतो.

*तीन वेगवेगळे आजार*
१) गाठीची साधी वाढ. सगळ्यात जास्त आढळते.
२) गाठीला सूज किंवा इन्फेक्शन. तरुणांनाही होतं. थंडी वाजून ताप, जळजळ, खाली दुखणं. त्याच दिवशी दाखवा. अँटिबायोटिक बरेच दिवस घ्यावं लागतं, बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नये.
३) कॅन्सर. सुरुवातीला बहुतेक वेळा काहीच कळत नाही. पुढे हाडांत पसरला तर कंबर, पाठ दुखते. वडिलांना किंवा भावाला झाला असेल तर पंचेचाळिशीपासूनच डॉक्टरांशी बोला, इतरांनी पन्नाशीपासून.

*तपासणी*
लघवीची तपासणी, सोनोग्राफी, रक्तातली पीएसए चाचणी, आणि डॉक्टर गुदद्वारातून बोटाने गाठ तपासतात. मिनिटभराचं काम, लाजायचं कारण नाही. पीएसए वाढलं म्हणजे कॅन्सरच असं नाही. इन्फेक्शननेही आणि साध्या वाढीनेही ते वाढतं.

*उपचार*
त्रास थोडा असेल तर नुसतं लक्ष ठेवतात. संध्याकाळनंतर चहा आणि दारू टाळा. पाणी बंद करू नका, दिवसा नीट प्या आणि झोपण्याआधी कमी.

टॅमसुलोसिनसारखी गोळी नळीभोवतीचे स्नायू सैल करते. काही दिवसांतच फरक पडू लागतो. पण एकदम उठलं तर चक्कर येऊ शकते, म्हणून सुरुवातीचे डोस घरी असताना घ्या, होडीवर नको. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी सांगा. फिनास्टेराइडसारखी दुसरी गोळी गाठ लहान करते, तिला सहा महिने तरी द्यावे लागतात.

गोळ्यांनी भागलं नाही तर ऑपरेशन. पोट न फाडता लघवीच्या मार्गातूनच दुर्बीण घालून वाढलेला भाग खरवडून काढतात, लेसरनेही करतात. नंतर काही आठवडे जाळं ओढायचं नाही, जड पेटी उचलायची नाही. "पुरुषत्व जातं" या भीतीने अनेक जण टाळतात. बहुतेकांची ताकद तशीच राहते. वीर्य मागे पिशवीत जातं, त्याने अपाय होत नाही, पण पुढे मूल हवं असेल तर आधी विचारा.

कॅन्सरमध्ये आजार किती पुढे गेलाय त्यावर ठरतं. नुसती देखरेख, ऑपरेशन, रेडिएशन किंवा हार्मोनचं इंजेक्शन. लवकर कळला तर बरा होण्याची शक्यता चांगली असते.

*ताबडतोब जा*
लघवी पूर्ण अडली, लघवीत रक्त आलं, किंवा त्रासासोबत थंडी-ताप आला तर थांबू नका. पाण्यावर असाल तर काठाला या. आणि लघवीचा त्रास असताना सर्दीची किंवा बोट लागण्याची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका, अशा काही गोळ्यांनी लघवी अडते.

*कुठे जायचं?*
आपल्या हुबळीत पूर्वी किम्स नावाने ओळखलं जाणारं मोठं सरकारी हॉस्पिटल आहे, कॅन्सरसाठी नवनगरची संस्था आहे. बीपीएल कुटुंबाला आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचाराची सोय आहे. सुरुवात सरकारी दवाखान्यातून करा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. डॉक्टरांना कानडीत सांगायला अडतं असं काही जण म्हणतात. अहो, 'मूत्र' हा शब्द मराठीत आणि कानडीत एकच आहे!

होडीला बारीकशी गळती दिसली तरी आपण बुडायची वाट बघत नाही, लगेच काठावर ओढतो. शरीराचंही तसंच करा. आज घरी जाऊन वडिलांना, काकांना एवढंच विचारा, "रात्री किती वेळा उठता?"

आपला,
सचिव