सपाट देशातला चढ

नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी घरात पाहुणे आले, की ट्युलिपच्या बागेनंतरची मागणी ठरलेली असते: गीथॉर्न. रस्त्याऐवजी कालवे असलेलं गाव. लोक बसने येतात, तासभर बोटीत बसतात, फोटो काढतात आणि निघतात. त्या गावाच्या पाठीशी वेरिबन-वीडन नावाचं सुमारे दहा हजार हेक्टरांचं पाणथळ राष्ट्रीय उद्यान पसरलेलं आहे, हे त्यातल्या फार थोड्यांना कळतं. मला ते सायकलवरून कळलं. कधी एकटी, कधी घरच्यांबरोबर, कधी पुण्याच्या पाहुण्यांना घेऊन मी तिथे फिरत आले आहे. त्यातून जमलेलं हे थोडं शहाणपण.

१. चढ वाऱ्याचा असतो.

माझे सासरे तरुणपणी सायकलवर दिवेघाट चढलेले. नकाशा बघून म्हणाले, "सूनबाई, हे तर सगळं सपाट! चाळीस किलोमीटर म्हणजे काहीच नाही." पहिल्या उघड्या बांधावर वारा तोंडावर आला आणि त्यांचं बोलणं बंद झालं. घाटात निदान माथा दिसतो, आणि तो गाठल्यावर उताराचं बक्षीस मिळतं. इथल्या वाऱ्याला माथा नाही. झाड नाही, टेकडी नाही, आडोशाला घर नाही. उंच बोरूचं गवत तेवढं शेजारी वाकून उभं असतं.

म्हणून अंतर किती हे विचारण्याआधी वारा कुठून, हे विचारायचं. या देशात तो बहुतेक दिवस नैर्ऋत्येकडून येतो. आपलं नशीब असं, की आगगाडीचं स्टेशन स्टेनवाइकला आहे आणि पाणथळ प्रदेश त्याच्या पश्चिमेला. ताज्या पायांनी वाऱ्याशी झुंजायचं आणि दमल्यावर त्यालाच पाठीशी घेऊन परतायचं, अशी सोय आपोआप होते. वसंतात मात्र काही दिवस पूर्वेचा कोरडा वारा सुटतो. त्या दिवशी जाताना आपण फारच तयारीचे सायकलपटू आहोत असं वाटायला लागतं. तसं वाटलं, की लवकर मागे वळावं.

डच लोकांनी या वाऱ्याचीही स्पर्धा करून ठेवली आहे. झीलंड प्रांतातल्या समुद्री भरतीरोधक बंधाऱ्यावर उलट्या वाऱ्यात सायकल चालवण्याची राष्ट्रीय स्पर्धा होते, तीही बिनगिअरच्या साध्या सायकलींवर. वादळाचा अंदाज आला, की काही दिवस आधी तारीख जाहीर करतात. आपण त्या वाटेला जाऊ नये. गिअर असलेली सायकल घ्यावी.

२. मोटार इथे का नाही, ते आधी समजून घ्या.

वाट अशी वेडीवाकडी का, हे कळलं नाही तर चिडचिड होते. इथली जमीन म्हणजे पीट, कुजलेल्या वनस्पतींचा ओला थर. तो वाळवला की जळण होतं. शेकडो वर्षं माणसांनी तो लांबच लांब चरांमधून उपसला आणि दोन चरांच्या मधल्या अरुंद पट्ट्यांवर वाळत घातला. शहरांच्या चुली त्यावर पेटल्या. हाव वाढली तसे चर रुंद झाले आणि पट्ट्या बारीक. मग १७७५ आणि १७७६ च्या वादळांत लाटांनी त्या पट्ट्या फोडल्या आणि बूलाके नावाचं अख्खं गाव पाण्यात गेलं. आज त्या जागी मोठं तळं आहे. उन्हाळ्यात त्यावर शिडाच्या होड्या फिरत असतात, आणि काठावर आइस्क्रीम खाणाऱ्यांना खाली काय आहे याची बहुधा कल्पनाही नसते.

उरलं ते असं: पाणी, बोरू आणि मधल्या पट्ट्या. अशा भुसभुशीत जमिनीवर भक्कम रस्ता बांधणं खर्चाचं. दूध, गुरं, गवत, वरात, प्रेतयात्रा, सगळं होडीतून चालायचं. सायकलचं वजन मात्र ही जमीन पेलते. म्हणजे मोटारींना इथे कोणी हुसकावलेलं नाही. त्यांना जागाच झाली नाही. म्हणूनच पट्टी संपते तिथे वाट वळते. कालव्यापलीकडच्या घरातल्या कुत्र्याचं भुंकणं स्वच्छ ऐकू येतं, पण त्या घराच्या दारात पोचायला बरंच लांबून वळसा घालावा लागतो.

आणखी एक. हे सगळं 'निसर्गरम्य' म्हणून हाताची घडी घालून बसलं, तर काही वर्षांत इथे विलो आणि ऑल्डर झाडांचं दाट रान माजेल. दर हिवाळ्यात बोरू कापला जातो, त्याच्या पेंढ्या घरांच्या छपरांवर जातात, आणि त्या कापणीमुळेच हा मोकळा पाणथळ प्रदेश टिकतो. १९८८ च्या सुमारास या देशातून पाणमांजर नाहीसं झालं होतं. २००२ मध्ये ते पुन्हा सोडलं गेलं, तेही इथेच. मला अजून दिसलेलं नाही. दिसल्याचं सांगणारे पुष्कळ भेटतात.

३. गावांची नावं विसरा, आकडे लिहून घ्या.

ड्वार्सख्राख्त हे नाव विचारायला गेलात तर जीभ अडकेल आणि समोरचा इंग्रजीत उत्तर देईल. त्याची गरजच नाही. सायकलवाटा जिथे मिळतात तिथे दोन आकडी क्रमांकाची पाटी असते, आणि पुढच्या क्रमांकाकडे बाण. नकाशावरून आपले क्रमांक ओळीने चिठ्ठीवर लिहायचे, चिठ्ठी हँडलला चिकटवायची, आणि निघायचं. ही कल्पना शेजारच्या बेल्जियममधली. तिथल्या लिम्बर्ग प्रांतात ह्यूगो बोलन या खाण अभियंत्याने ती आणली आणि १९९५ मध्ये पहिलं जाळं उभं राहिलं. एवढी साधी, एवढी उपयोगी सार्वजनिक सोय मी दुसरी पाहिलेली नाही. एकच सावधगिरी: आकडे ९९ च्या पुढे जात नाहीत, त्यामुळे तोच क्रमांक दुसऱ्या भागात पुन्हा येतो.

४. मोटार नाही म्हणून बेसावध राहू नका.

निळ्या नंबरप्लेटच्या मोपेड कित्येक सायकलवाटांवर चालतात. बांधावरच्या शेतरस्त्यावर ट्रॅक्टर येतो आणि तो रस्त्याएवढाच रुंद असतो. पण खरी धास्ती विजेच्या सायकलींवरच्या आजी-आजोबांची. आवाज न करता मागून येतात, घंटी वाजवतात आणि तुम्ही दचकून बाजूला होईपर्यंत पुढच्या पुलावर असतात. उजवीकडून चालवा, गप्पा मारत तिघे-तिघे शेजारी चालवू नका. वाटेवर पांढरे त्रिकोण रंगवलेले दिसले आणि त्यांची टोकं आपल्याकडे असली, तर थांबायचं आपण. भाड्याच्या सायकलीला हातातला ब्रेक नसेल, तर पायडल उलटं दाबायचं. हे निघण्याआधी मोकळ्या जागेत करून बघावं, कालव्याच्या काठावर नव्हे.

५. नाववाल्याची वेळ बघून निघा.

योनन या वस्तीजवळ कालवा ओलांडायला चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी छोटी तर आहे. ती हंगामातच चालते. बंद असली तर दिवसाचा सगळा बेत फिरतो.

६. गीथॉर्न सकाळी लवकर, नाहीतर संध्याकाळी.

दुपारी तिथे बोटी एकमेकींवर आपटत असतात. बर्ट हान्स्ट्रा यांनी १९५८ च्या 'फॅनफेअर' या विनोदी चित्रपटाचं चित्रीकरण या गावात केलं आणि तेव्हापासून गर्दी हटलेली नाही. गाव सुंदर आहे यात वाद नाही. पण सायकल हातात धरून चाला; वाट अरुंद, आणि प्रत्येक पुलावर कोणीतरी सेल्फी काढत असतं. माझं मत विचाराल तर ऑसनझाइल ते कालेनबर्ग हा पट्टा जास्त सुखाचा. तीच गवती छपरं, तेच लाकडी पूल, आणि घराच्या ओट्यावर बसून शेंगा सोलणारी माणसं.

७. डबा घरून.

हंगाम नसेल तेव्हा सोमवार-मंगळवारी कॅफे बंद असण्याची शक्यता मोठी. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिवसभर टिकते, हात धुवायला फारसं पाणी लागत नाही. गवतात बसून जेवलात तर घरी आल्यावर पायांना गोचीड चिकटलेलं नाही ना, ते नीट बघा. त्याच्यापासून लाइम नावाचा आजार होऊ शकतो.

८. एकदा तरी वरून बघा.

सपाट मुलखाची खोड अशी, की त्याच्या आत असताना तो दिसतच नाही. सिंट यान्सक्लोस्टर इथला जुना जलकुंभ २०१४ मध्ये निरीक्षण मनोरा झाला. जिने चढून गेलं, की चर आणि पट्ट्यांची ती सगळी ओळ एका नजरेत येते. तिथून फोलनहोव आणि ब्लोकझाइल ही जुनी बंदरं सायकलीच्या टप्प्यात आहेत. बंदरं आहेत, समुद्र नाही. १९३२ मध्ये मोठा बांध घालून झायडर झी हा उपसागर बंद केला आणि दहा वर्षांनी या बंदरांसमोरची जमीन कोरडी पडली. मच्छीमारांच्या गावापुढे आता बटाट्याची शेतं आहेत.

पायांत दम उरला असेल तर वायव्येला लेमरपर्यंत जा. तिथे १९२० चं वाफेवर चालणारं पंपघर आहे. पाणी फार चढलं की ते अजूनही कामाला लावतात.

जायचं असेल तर मे महिन्याचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर निवडा, आणि शक्यतो सुट्टीचा दिवस टाळा. स्वतःची सायकल आगगाडीतून नेणार असाल तर तिचं वेगळं दिवसाचं तिकीट काढावं लागतं. कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा या वेळांत ती नेता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ही अट नसते. घडीची सायकल केव्हाही फुकट जाते.