पाचटातला कर्ब : बाजारात किती, रानात किती



अलीकडे गट ऑफिसला आलेला सभासद उसाच्या नोंदीआधी एकच गोष्ट विचारतो. "साहेब, पाचट पेटवलं नाही तर कार्बनचे पैसे मिळतात म्हणे. खरं काय?" काही ठिकाणी कंपन्यांची माणसे सातबाऱ्याची झेरॉक्स घेऊन सह्याही गोळा करीत आहेत. तेव्हा हा हिशोब एकदा नीट मांडलेला बरा.

एक कार्बन क्रेडिट म्हणजे हवेत जाऊ न दिलेला, किंवा हवेतून ओढून साठवलेला, एक टन कर्बवायू. ज्या उद्योगाला धूर कमी करणे जमत नाही तो हे क्रेडिट विकत घेतो. आपल्या धंद्याला ही कल्पना अगदी नवी नाही. १९९७ च्या क्योटो कराराखाली महाराष्ट्रातल्या काही साखर कारखान्यांनी बगॅसवरच्या विजेचे प्रकल्प असेच नोंदवले होते. शेतीसाठी केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये ऐच्छिक कार्बन बाजाराचा आराखडा जाहीर केला. म्हणजे योजना खोटी नाही. पण एकरी पदरात काय पडते ते बघा.

एक एकर रानाचा वरचा सहा इंचांचा थर सुमारे ९ लाख किलो भरतो. त्यात सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढला, समजा ०.४ चा ०.५ झाला, तर ९०० किलो कर्ब साठला. एक किलो कर्ब म्हणजे ३.६७ किलो कर्बवायू. म्हणजे सव्वातीन टनांच्या आसपास, तेवढीच क्रेडिटे. दर बाजाराप्रमाणे वरखाली होतो; धरून चाला की एक क्रेडिट ५०० रुपयांना गेले. एकरी सोळाशे रुपये झाले. त्यातून तपासणीचा खर्च आणि कंपनीचा वाटा जायचा. शिवाय एवढा कर्ब एका हंगामात वाढत नाही, त्याला काही वर्षे जातात. या पैशावर कुणी ट्रॅक्टरचा हप्ता धरू नये.

आता तोच ९०० किलो कर्ब रानाच्या बाजूने मोजा. तो ह्युमसच्या रूपात असतो आणि त्याच्याबरोबर ८० किलोच्या आसपास नत्र बांधलेले असते. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात नत्र जेमतेम २१ किलो. म्हणजे चार पोत्यांचे नत्र मातीत ठेव म्हणून पडले, आणि ते पिकाला हळूहळू मिळत राहते. भुसभुशीतपणा येतो, पाणी मुरते, पांढऱ्या मुळ्या वाढतात, हे वेगळेच. वाळवा, पलूस, मिरज भागात कृष्णाकाठची काळी राने जादा पाण्याने क्षारपड झाली. तिथे निचऱ्याला पर्याय नाही. पण मातीत कर्ब असेल तर पाणी खाली उतरायला मदत होते आणि आच्छादनाने क्षार वर चढणे कमी होते.

आणि आपण करतो काय? वाढे जनावराला जातात, आणि तोडणी संपली की पाचटाला काडी. एकरी तीन ते चार टन पाचट निघते. तीनच टन धरले तरी त्यात कर्ब हजार किलोच्या वर, नत्र १५ किलो आणि पालाश वीस किलोच्या पुढे असते. पेटवले की कर्ब आणि नत्र धुरात जाते. ठेवले तर सगळा कर्ब मातीत राहतो असेही नाही. त्यातला मोठा भाग जिवाणू खातात आणि तो वायू होऊन हवेत परततो, थोडाच टिकतो. म्हणून एका वर्षाने भागत नाही, दर खोडव्याला पाचट राहिले पाहिजे.

रीत अवघड नाही. बुडखे जमिनीलगत छाटावेत, वर राहिलेल्या डोळ्यांचे फुटवे जोमदार येत नाहीत. पाचट सरीत दाबून एक टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. बगला फोडू नयेत. पुढची खते पहारीने, बुडख्यापासून अर्धा फूट अंतरावर भोक पाडून द्यावीत : पहिला हप्ता पंधरा दिवसांत, दुसरा दुसऱ्या बाजूला साडेचार महिन्यांच्या आत. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची ही शिफारस जुनीच आहे. "उंदीर होतात, पाणी पुढं सरकत नाही" ही तक्रार मी दर गावात ऐकतो. पहिल्या पाण्याला थोडा त्रास होतो हे खरे, पण पाचट ओले होऊन बसले की पुढच्या पाळ्या लांबवता येतात.

युरियाबद्दल एक गोष्ट. जादा नत्रातून नायट्रस ऑक्साईड निघतो, आणि तो कर्बवायूच्या पावणेतीनशे पट तापदायक मानतात. म्हणजे एका हाताने पाचट ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने पोती ओतायची, तर कार्बनच्या वहीत जमेपेक्षा खर्चच जास्त निघायचा. खोडव्याला एकरी १०० किलो नत्र पुरे.

सही करायची तर जरूर करा, मात्र कागद मराठीत मागून घ्या. करार किती वर्षांचा, मध्येच पाचट पेटले किंवा रान खोल नांगरले तर काय, पैसे कधी आणि त्यात तुमचा हिस्सा किती, वाट्याने किंवा खंडाने दिलेल्या रानाचे काय, एवढे विचारा. आधीपासून पाचट ठेवणाऱ्याला बहुधा कमी मिळते किंवा मिळतच नाही, कारण क्रेडिट नव्याने केलेल्या बदलाला असते. हा नियम मला स्वतःला पटत नाही, पण बाजार तसा चालतो.

सही करा वा करू नका, आजचा कर्ब किती आहे हे तरी माहीत पाहिजे. खत घालण्याआधी रानात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणची नऊ इंच खोलीपर्यंतची माती घ्यावी. बांधाकडेची, झाडाखालची आणि उकिरड्याची जागा सोडावी. माती मिसळून, सावलीत वाळवून अर्धा किलो पिशवीत भरावी, चिठ्ठीवर गट नंबर आणि पीक लिहावे, आणि पिशवी आपल्या गटाच्या ऊस विकास सहाय्यकाकडे द्यावी.