उडी आणि चेंडू

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा पसरल्या आहेत. अक्कलकुवा व अक्राणी या डोंगराळ तालुक्यांत विस्तीर्ण सपाट जमीन दुर्मीळच. व्हॉलीबॉलचे क्रीडांगण मात्र अवघे 18 मीटर लांब व 9 मीटर रुंद असते. दोन खांब, एक जाळी आणि एक चेंडू एवढ्या सामग्रीवर शाळेच्या अंगणातही हा खेळ रंगू शकतो.

या खेळात सर्वांचे डोळे लागतात ते जाळीजवळच्या उडीकडे. हवेत झेपावून चेंडू प्रतिपक्षाच्या अंगणात जोराने खाली मारणे, यास स्मॅश म्हणतात. स्मॅश हे उंच मुलांचेच काम, अशी समजूत सर्वत्र आढळते. त्यामुळे ठेंगणी मुले आपण होऊन मागच्या रांगेत जाऊन उभी राहतात.

अमेरिकेतील होल्योक गावी विल्यम मॉर्गन यांनी 1895 साली हा खेळ योजिला, तेव्हा जाळी केवळ साडेसहा फूट उंच होती आणि खेळही सौम्य होता. पुढे 1916 च्या सुमारास फिलिपाइन्समधील खेळाडूंनी एकाने चेंडू उंच उचलून द्यावा व दुसऱ्याने उडी घेऊन तो मारावा, अशी रीत पाडली. आज पुरुषांची जाळी 2.43 मीटर व स्त्रियांची 2.24 मीटर उंच असते. उडीवाचून तेथे निभाव लागत नाही, हे खरेच. परंतु उडी म्हणजे सर्वस्व नव्हे.

समजा, एका मुलाची उडी 60 सेंटिमीटर आहे. जमीन सोडल्यापासून पुन्हा जमिनीवर येईपर्यंत तो सुमारे 0.7 सेकंद हवेत असतो. यातील निम्मा काळ उडीच्या सर्वांत वरच्या 15 सेंटिमीटरमध्येच जातो, कारण माथ्याजवळ वेग मंदावतो. कसलेला खेळाडू हवेत क्षणभर थांबल्यासारखा भासतो, त्याचे रहस्य हेच. चेंडूची गोष्ट निराळी. सहकाऱ्याने साडेपाच मीटर उंच उडविलेला चेंडू पावणेतीन मीटरपर्यंत उतरतो, तेव्हा तो सेकंदाला सात मीटरहून अधिक वेगाने खाली येत असतो. त्या ठिकाणी एक दशांश सेकंद उशीर झाला, तर चेंडू पाऊण मीटर निसटून जाळीच्याही खाली जातो. उडी 10 सेंटिमीटरने वाढवावयास कित्येक महिने कष्ट करावे लागतात. आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पाऊण मीटर हातचे जाते!

नवखा मुलगा बहुधा उशीर करीत नाही, तो घाई करतो. चेंडू वर चढत असतानाच तो उडी घेतो आणि चेंडू हाताशी येईतो स्वतः खाली येऊ लागतो. वरील उदाहरणात चेंडू शिखरावरून सुमारे पाऊण मीटर उतरल्यावर पाय जमिनीवरून सुटले पाहिजेत. मात्र उडी वाढली की हा क्षणही किंचित अलीकडे सरकतो, म्हणून तो पुनःपुन्हा नव्याने साधावा लागतो.

1972 साली म्युनिक येथील ऑलिम्पिकमध्ये जपानच्या पुरुष संघाने सुवर्णपदक जिंकले, ते या क्षणाच्या साधनेवर. प्रशिक्षक यासुताका मात्सुदाइरा यांनी आपल्या खेळाडूंना आखूड व जलद चेंडूवर मारा करण्यास शिकविले. एकाने उडीची हूल द्यावी, प्रतिपक्षाने तिला फसून उडी घ्यावी आणि तो खाली येत असता दुसऱ्याने चेंडू मारावा, ही त्यांची युक्ती होती. उपान्त्य सामन्यात बल्गेरियाने पहिले दोन डाव जिंकले असताही जपानने पुढचे तिन्ही घेतले.

आता पावलांविषयी. उजव्या हाताने मारणाऱ्याने डावे, उजवे, डावे अशी तीन पावले टाकावीत. पहिले सावकाश, दुसरे लांब, आणि तिसरे त्यास लगोलग जोडून. काठीच्या होळीत कमरेला घुंगरे बांधलेले नर्तक ढोलाच्या ठेक्यावर पाऊल टाकतात. ठेका अंगी मुरलेल्या त्या मुलुखातील मुलांना ही पावले शिकविणे कठीण जाऊ नये. शेवटच्या दोन पावलांत दोन्ही हात मागे न्यावेत आणि उडताना जोराने पुढून वर आणावेत. हातांच्या या झोक्यानेच उडी सुमारे एक दशांशाने वाढते. गुडघे वाकवून तसेच थांबू नये. वाकणे व उसळणे एका दमात झाले, तरच ताणलेल्या स्नायूंचे बळ उपयोगी पडते.

जमिनीवर येताना दोन्ही पाय एकदम टेकावेत व गुडघे सैल ठेवावेत. उड्यांचा सराव रोज करू नये. मध्ये विश्रांतीचा दिवस ठेवावा. वाढत्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागले, तर उड्या तत्काळ थांबवून शिक्षकांना सांगावे. त्या दिवसांत जाळीजवळ नुसते उभे राहून सोबत्याला चेंडू उडविण्यास सांगावे आणि पाय सुटावयाचा क्षण आला असे वाटेल तेव्हा टाळी वाजवावी.